आधी डोकं घेऊन या

चंपाताईंनी पहिल्याच भेटीत मला हाकलून दिलं होतं, हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढे मी त्यांचं कौतुक करायला लागले की तुम्हाला वाटायचं, ही त्यांची कोणी नातेवाईक असणार. नातं वगैरे काही नाही. मी त्यांचं गिऱ्हाईक, आणि तेही वाईट गिऱ्हाईक.

सदाशिव पेठेत, जिथे एका जिन्यावर दोन क्लास आणि एक दातांचा दवाखाना अशी दाटी असते, तिथे दुसऱ्या मजल्यावर त्यांची एक खोली आहे. आत गेलं की पहिल्यांदा दचकायलाच होतं. चारी भिंतींना खुंट्या आणि प्रत्येक खुंटीवर केस. वेणीत गुंफायची गंगावनं, क्लिपांनी लावायचे पट्टे, चिकटवायचे पट्टे, जाळीवर एकेक केस ओवून केलेले टॉपर. आणि या सगळ्याच्या मधोमध चष्मा नाकावर घसरलेल्या, पासष्टीच्या चंपाताई. त्यांचा स्वतःचा अंबाडा सुपारीएवढा, पांढराशुभ्र.

"मुलीसाठी केस हवेत," मी म्हटलं. "कमरेपर्यंत. काळेभोर."

"मुलगी कुठंय?"

"घरी आहे. ती नाही येणार. मी माप आणलंय, फोटोही आणलाय."

"फोटोला केस लावायचे असतील तर फोटो स्टुडिओत जा," त्या वर न बघता म्हणाल्या. "मी डोक्याला लावते. आधी डोकं घेऊन या."

माझा राग नाकावर असतो, हे आमच्या क्वार्टरच्या अख्ख्या लायनीला माहीत आहे. मी म्हटलं, "अहो बाई, पैसे घेऊन वस्तू द्यायला तुम्हाला काय अडचण आहे?" तर त्या म्हणाल्या, "जिना उतरताना जपून. तिसरी पायरी फुटलीय." झालं! एवढ्यावर भेट संपली.

आता मी कोण ते सांगते. मी सुशीला. खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्यात एकतीस वर्षं झाली. माझे आबा भंडाऱ्याकडून इथे आले, त्याच कारखान्यात लागले, आणि आम्ही भावंडं इथल्या क्वार्टरमध्येच वाढलो. माझी एकुलती एक मुलगी प्रियदर्शनी. घरात प्रियू. खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. आमच्या घराण्यात टेबलखुर्चीवर बसून काम करणारी पहिली मुलगी. आणि तिचे केस म्हणजे काय सांगू! शाळेत दोन वेण्या घालून निघाली की शेजारणी दारात यायच्या. ते केस मी वाढवले होते. दर रविवारी तेल, दर बुधवारी शिकेकाई.

गेल्या वर्षी तिला चाई लागली. आधी रुपयाएवढा चट्टा, मग तीन चट्टे, मग ते तिन्ही एकमेकांत मिसळून टाळूवर तळहाताएवढी मोकळी जागा. त्वचेचे डॉक्टर म्हणाले, केस परत येतात, पण धीर धरावा लागतो. प्रियूने धीर धरला तो असा की खोलीचं दार लावून घेतलं. काम घरूनच चालायचं, मीटिंगमध्ये कॅमेरा बंद. बाहेर पडायची ती फक्त दवाखान्यात, तेही स्कार्फ गुंडाळून. पुण्यात स्कार्फ बांधलेल्या मुलीला कोणी काही विचारत नाही, तेवढी एक सोय.

आणि मग तिच्या ऑफिसचा हुकूम आला. एक तारखेपासून सगळ्यांनी पाचही दिवस ऑफिसात यायचं. प्रियूने त्याच दिवशी राजीनामा लिहून ठेवला. "तीस तारखेला पाठवणार आहे आई," असं मला शांतपणे सांगितलं. ती टीमची लीड व्हायला टेकली होती. साडेचार वर्षं राबून पोरगी तिथवर पोचली होती, आणि आता तळहाताएवढ्या जागेसाठी सगळं सोडून देणार होती. म्हणून मी चंपाताईंकडे एकटी गेले होते, तिला न विचारता.

तिथून अपमान करून घेतल्यावर मी इरेला पेटले. जवळच्याच एका चकचकीत पार्लरातली मुलगी घरी येऊन केस लावून द्यायला तयार झाली. आली, बॅग उघडली आणि विचारलं, "मॅडम, क्लिपवाले लावू की टेपवाले?"

प्रियू समोर स्टुलावर बसली होती. पार्लरवालीनं विचारलं होतं तिला. उत्तर मी दिलं. "क्लिप अजिबात नको. केसात धातू नको."

तुम्ही म्हणाल, हे काय खूळ? अहो, आमच्या सेक्शनच्या गेटवर रोज सकाळी झडती होते. पिना, आकडे, सेफ्टी पिन, पैंजण, मोबाईल, सगळं बाहेर काढून ठेवायचं. केस कापडी पट्टीने बांधायचे आणि टोपीत कोंबायचे. आत दारू असते, धातू घासून एक ठिणगी उडाली तर पुढचं बोलायला नको. एकतीस वर्षं मी केसात साधी पिन घातलेली नाही. सख्ख्या भावाच्या लग्नातसुद्धा गजरा दोऱ्याने बांधला होता. ते इतकं अंगात मुरलंय की मुलीच्या डोक्याचा प्रश्न आला तरी तोंडातून तेच निघालं. ती बसते खराडीला, एसीत. दारूगोळ्याचा आणि तिचा काय संबंध? पण हे तेव्हा डोक्यात आलंच नाही.

पट्ट्या चिकटल्या. कमरेपर्यंत केस झाले. प्रियूने आरशात बघून "छान आहेत" म्हटलं आणि मी ते खरं मानलं. मानायचंच होतं मला. माझी दोन वेण्यांची पोरगी परत आली होती ना!

पार्लरवाली जाताना बजावून गेली होती, मुळांना तेल लावायचं नाही. तेलाशिवाय केस कसे राहतील, असं मला वाटलं. दुसऱ्या रविवारी मी प्रियूला पुढ्यात बसवून चांगलं कोमट तेल चोळलं. सोमवारपर्यंत पट्ट्या सरकायला लागल्या. एक इथे लोंबतेय, एक तिथे गुंतलीय. प्रियू मोरीत गेली आणि एकदम ओरडली. मी धावले. डावीकडची पट्टी अर्धीच सुटली होती आणि तिने ती ओढली होती. पट्टीबरोबर तिचे स्वतःचे केस मुळापासून निघून आले होते. आधीच जे थोडे उरले होते, त्यातले.

ती रडली नाही. ती पट्टी तिने माझ्या हातात ठेवली. "तुला लांब केस हवे होते ना आई? घे," म्हणाली आणि खोलीत निघून गेली.

मी तिथेच मोरीच्या उंबऱ्यावर बसले. आयुष्यात मला इतकी लाज कधी वाटली नव्हती.

उरलेल्या पट्ट्या तरी नीट निघाव्यात म्हणून दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर यायला तयार झाली. चंपाताईंनी दार उघडलं, मला ओळखलं. प्रियूला खिडकीपाशी बसवलं, स्वतःच्या हाताने स्कार्फ सोडला आणि बघितलं.

"ही अक्कल कोणाची?"

"माझी," मी म्हटलं.

"वाटलंच."

मग दोन तास त्या बाई खपल्या. थेंब थेंब तेल मुरवून, बोटाने डिंक सैल करून त्यांनी एकेक पट्टी सोडवली. प्रियूचा एकही केस तुटू दिला नाही. शेवटची पट्टी निघाल्यावर प्रियूने एवढा मोठा श्वास सोडला की मला कळलं, दोन आठवडे तिचं डोकं ठणकत होतं. मला बोलली नव्हती.

"आता सांग," चंपाताई तिच्यासमोर बसल्या. "तुझं डोकं दिवसभरात कशाकशातून जातं?"

"म्हणजे?"

"उठल्यापासून सांग. ऑफिसला कशी जातेस?"

"कंपनीच्या बसने," मी म्हटलं.

"सुशीलाबाई, तुमच्या डोक्याला लावायचे नाहीयेत. गप्प बसा."

"बस केव्हाच बंद झाली आई," प्रियू म्हणाली. "मी ऑफिसातल्या निकिताच्या स्कूटरवर मागे बसून जायचे. हेल्मेट घालून."

मग एकेक निघत गेलं. दिवसभर कानाला हेडफोन. विचार करताना केसांत बोटं घालायची सवय. झोपायचं पालथं. आणि ऑफिसात असताना, चाईच्या सुरुवातीच्या दिवसांत, ती दुपारी बाथरूममध्ये जाऊन दहा मिनिटं स्कार्फ काढून उभी राहायची. नुसतं डोक्याला वारं लागावं म्हणून. चंपाताईंनी शेवटी विचारलं, "आणि लांब केस तुला आवडतात?"

प्रियूने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "नाही. कधीच नाही आवडले."

सत्तावीस वर्षं मी त्या केसांना तेल लावत होते हो! कोणी कानाखाली मारावी तसं झालं मला.

"ऐक पोरी," चंपाताई म्हणाल्या. "तुला चिकटवलेलं चालायचं नाही. ज्यांना महिनाभर हात लावायचा नसतो, त्यांचं ते काम. गंगावनाला वेणी लागते. तुला पाहिजे मनात आलं की काढता येणारं. छोटा टॉपर, जाळीवरचा, खांद्यापर्यंत केस, हेल्मेटखाली चपटा बसेल असा. टिकटिक क्लिपांचा. क्लिप चट्ट्यापासून लांब, दाट केसांवर. डावीकडे आईसाहेबांनी जागा ठेवली नाही, तिथे मखमलीची पट्टी लावीन."

"क्लिप म्हणजे... धातूची?" माझ्या तोंडून गेलंच.

प्रियू फस्सकन हसली. किती महिन्यांनी! "आई, मी कोड लिहिते. बॉम्ब नाही भरत."

अडलं ते रंगावर. प्रियूचे केस काळेभोर नाहीतच, उन्हात तांबूस दिसतात. खुंट्यांवरचं एकही त्याला जुळेना. तेव्हा मला उशीचा अभ्रा आठवला. आमच्या क्वार्टरमध्ये केसांवर भांडी देणारी बाई यायची. विंचरताना निघालेली गुंतवळ द्यायची आणि भांडं घ्यायचं. माझ्या केसांचं एक स्टीलचं पातेलं आणि चार वाट्या झाल्या. पण प्रियूच्या गुंतवळीला मी त्या बाईला कधी हात लावू दिला नाही. शाळेपासूनची सगळी अभ्र्यात भरून कपाटावर ठेवली होती. का ठेवली, ते विचारू नका. टाकवत नव्हती.

दुसऱ्या दिवशी अभ्रा नेऊन त्यांच्यापुढे ओतला. चंपाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. "अहो, गुंतवळीत कोणाचं मूळ इकडे, कोणाचं तिकडे. सगळ्यांची मुळं एका बाजूला नसली की दोन दिवसांत काथ्या होतो. हे एकेक केस घेऊन निवडायचं कोणी? मला जाळीवर गाठी मारायच्यात."

"मी निवडते," मी म्हटलं.

आठ दिवसांची रजा टाकली. आमच्या सेक्शनमध्ये लोकांना वाटलं, मी आजारी आहे. रोज सकाळी सदाशिव पेठ गाठायची आणि चंपाताईंच्या पायाशी बसकर घालायचं. केस चिमटीत धरून चोळला की तो मुळाच्या बाजूने सरकतो. त्यावरून मूळ कुठलं, शेंडा कुठला ते कळतं. एक केस, दुसरा केस, तिसरा. बारीक कामाची माझ्या बोटांना सवय आहे. दुसऱ्या दिवशी चंपाताई म्हणाल्या, "हात बरे आहेत तुमचे. तोंडापेक्षा."

त्या आठ दिवसांत मी ती बाई बघितली. सासरे नाटकवाल्यांचे टोप बनवायचे, त्यांच्याकडून त्या लग्नानंतर काम शिकल्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून ही खोली आणि त्या. दिवसाला चार गिऱ्हाइकं आली तर त्यातल्या दोघींना त्या परत पाठवायच्या. एक कॉलेजची मुलगी महागडे केस मागायला आली. चंपाताईंनी विचारलं, "रात्री काढून, विंचरून, टांगून ठेवशील?" ती म्हणाली, "कंटाळा येतो." "मग केस कापून घे. शोभेल तुला." पोहायला जाणाऱ्या एकीला म्हणाल्या, पाण्यात हे घालणार असशील तर दुकानातला झाडू घाल. एक पोलीस बाई आल्या होत्या, त्यांच्या टोपीचा घेर मोजून चंपाताईंनी अंबाड्याची जाडी ठरवली. त्यांच्यासमोर मात्र आवाज साखरेसारखा. का, तर त्या बाईंनी पहिल्याच वाक्यात सांगितलं होतं, "दिवसाचे दहा तास टोपी असते." चंपाताईंना असं गिऱ्हाईक आवडतं.

मी एकदा विचारलं, "चंपाताई, त्या दिवशी मला हाकललंत. माप होतं की माझ्याकडे."

त्यांनी सुई थांबवली. "बत्तीस वर्षांपूर्वी एक गृहस्थ आले. बायकोसाठी गंगावन हवं, सरप्राइज द्यायचंय म्हणाले. चांगला माणूस. माप आणलं होतं, जुना फोटोही होता. मी तीन दिवस बसून असं सुंदर गंगावन करून दिलं. आठवड्याने ते परत आलं. कागदात गुंडाळलेलं, आत बायकोची चिठ्ठी. लिहिलं होतं, 'ताई, काम फार सुरेख आहे. पण हे बांधायला माझ्या डोक्यावर एकही केस उरलेला नाही. त्यांना कसं सांगू?'"

"मग?"

"मग काय. तिला न बघता मी तिला रडवलं. तेव्हापासून आधी डोकं." त्यांनी पुन्हा सुई उचलली आणि मला म्हणाल्या, "तो केस उलटा धरलाय."

तीस तारखेला टॉपर तयार झाला. प्रियूने लावला. खांद्यापर्यंत, तांबूस, तिचेच केस. तिने मान हलवली, हेल्मेट घालून काढलं, बोटं घातली. चंपाताईंनी एक जादा क्लिप तिच्या हातात दिली आणि टॉपर काढल्यावर गोल वस्तूवर ठेवायला सांगितलं. घरी आल्यावर मी राजीनाम्याचं विचारलं नाही. विचारायची हिंमतच झाली नाही. तिने तो पाठवलाय की नाही, हे मला ठाऊक नव्हतं.

एक तारखेला सकाळी ती आरशासमोर उभी होती. "आई, इकडे ये, क्लिप कशी बसते दाखवते," म्हणून तिने ती जादा क्लिप माझ्याच केसांत टिक करून बसवली. खालून निकिताने हॉर्न दिला. प्रियू पळाली. दारात क्षणभर थांबली आणि म्हणाली, "नाही जमलं तर जेवायच्या सुट्टीत परत येईन." मीही धावतपळत कारखाना गाठला.

गेटवर झडतीला कांताबाई असतात. यंत्र टुंई टुंई करायला लागलं. कांताबाईंनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "सुशीलाबाई! एकतीस वर्षांत पहिल्यांदा!" मागे रांगेत बायका खिदळल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं. क्लिप काढून मोबाईलशेजारी ट्रेमध्ये ठेवली आणि आत गेले.

आत मोबाईल नाही. पोरगी पोचली का, खुर्चीवर बसली का, की जेवायच्या सुट्टीत घरी येऊन दार लावून बसली, काही कळायला मार्ग नाही. त्या दिवशी मी दोनदा मोजणी चुकले. सुटल्यावर गेटवर मोबाईल घेतला, तिथेच उभी राहून सुरू केला. एकही मेसेज नव्हता. क्लिप ट्रेमध्येच विसरले आणि घरी पळाले.

घर कुलूपबंद. म्हणजे दुपारी आली नव्हती. तरी जीव थाऱ्यावर नव्हता. साडेसातला स्कूटरचा आवाज आला, मग जिन्यावर चपला वाजल्या. प्रियू आत आली, हेल्मेट कोपऱ्यात ठेवलं, टिक टिक टिक करून टॉपर काढला आणि माझ्या केसांवर आलेलं ते स्टीलचं पातेलं पालथं घालून त्यावर ठेवला. मग डोकं खाजवत पंख्याखाली बसली. खोलीत नाही गेली.

"कसं झालं गं?"

"काय कसं झालं?"

"अगं, ऑफिस!"

"ऑफिससारखंच. एसी जास्त आणि चहा पांचट." तिने इकडेतिकडे शोधलं. "आई, ती जादा क्लिप कुठंय? हेल्मेट काढताना टॉपर मागून जरा सरकतो. उद्या लागेल."

"ती... गेटवर राहिली," मी म्हटलं आणि सगळं सांगितलं. कांताबाईंचं, यंत्राचं, खिदळणाऱ्या बायकांचं. प्रियू पोट धरधरून हसली. मी हसता हसता रडायलाच लागले. तिला वाटलं, मला क्लिपचं वाईट वाटतंय.

"रडतेस काय त्यासाठी?" ती म्हणाली. "मी दुसरी आणीन ना, ऑफिसमधून येताना."